टीव्ही बदलू की त्याला स्टिक लावू?

सप्रेम नमस्कार,

आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. घरात मी (वय ५८), हे आणि माझ्या सासूबाई, वय ८१. टीव्ही २०१४ साली घेतलेला, ३२ इंची, स्मार्ट नाही. चित्र अजून छान येतं. केबल आहे, आणि केबलवाल्या दादांकडूनच ५० एमबीपीएसचं वाय-फायही घेतलं आहे. मला मराठी नाटकं, जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर बघायचे असतात. फोनवर मान दुखते. मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणतो, "हा टीव्ही काढून टाका, ४३ इंची फोरके घ्या." ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ अठराशे रुपयांत अँड्रॉइड बॉक्स देतो म्हणतात, त्यात सगळं फुकट दिसतं म्हणे. माझ्या भाचीकडे टीव्हीला खोचून इंटरनेटवरचं बघायची स्टिक आहे, ती म्हणते तेवढी पुरे.

आणखी एक. सासऱ्यांनी आकाशवाणीवरून टेप केलेल्या साठेक कॅसेट होत्या. मुलाने त्या सगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून दिल्या आहेत. त्यात एका कॅसेटवर सासऱ्यांच्याच आवाजात रामरक्षा आहे. सासूबाईंना ती ऐकायची असते, पण लॅपटॉप काढा, डिस्क जोडा, यात ते राहून जातं. यंत्र घेतलं तर ते त्यावर ऐकता येईल का? केबल बंद करून पैसे वाचवावेत का? सासूबाई नव्या रिमोटला बिचकतात. नेमकं काय करू?

एक वाचक, सहकारनगर

ताई, नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मागून. टीव्ही काढू नका, चित्र छान येतंय तोवर तर नाहीच. अठराशेचा बॉक्स घरात आणू नका. साधी एचडी स्टिक घ्या, पण लगेच नको, दोन-तीन आठवडे थांबून. आणि सासूबाई स्वतः "मला नको आता" म्हणेपर्यंत केबलला हात लावू नका. रामरक्षेसाठी मात्र यातलं काहीच घ्यावं लागत नाही. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातली ती गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली.

टीव्हीपासून सुरुवात करू. स्मार्ट टीव्ही म्हणजे खरं तर दोन वस्तू एका खोक्यात असतात: एक पडदा आणि एक छोटा संगणक. पडदा नीट वापरला तर दहा-बारा वर्षं सहज जातो, तुमचा गेलाच आहे. आतला संगणक मात्र पाच-सहा वर्षांत म्हातारा होतो. ॲप जड होत जातात, कंपनी अपडेट देणं थांबवते, आणि एक दिवस ॲप उघडतच नाही. सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही स्मार्ट टीव्हींवर १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स बंद झालं. त्या घरांतले पडदे धडधाकट होते. तुमचा टीव्ही मुळात साधाच असल्याने त्याच्या बाबतीत ही अडचण येत नाही. त्याचं डोकं बाहेरून लावायचं आणि जुनं झालं की तेवढंच बदलायचं. पडदा आणि डोकं वेगळं असलेलं मला केव्हाही बरं वाटतं, खिशाच्या दृष्टीने आणि कचऱ्याच्या दृष्टीनेही.

अर्थात बाहेरचं डोकंही अमर नसतं. गूगलचं क्रोमकास्ट हे असंच टीव्हीला लावायचं यंत्र. पहिलं २०१३ मध्ये आलं, दुसरी पिढी २०१५ मध्ये. ९ मार्च २०२५ ला जगभरातली ती दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट एकाएकी चालेनाशी झाली, कारण त्यांच्या ओळखीसाठी लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत दुरुस्ती आली. मधल्या काळात गूगलने लोकांना सांगितलं होतं की घाईने फॅक्टरी रीसेट करू नका. हे लक्षात ठेवा: स्टिक अचानक रुसली तर पहिल्याच दिवशी सगळं पुसून टाकू नका, प्लग काढून पाच मिनिटांनी लावा आणि एक-दोन दिवस वाट बघा. स्टिक पाच वर्षं चालली तर तिने आपलं काम केलं असं धरून चला. सेल नसताना साधी एचडी स्टिक साधारण पाच हजारांच्या आसपास मिळते, सेलमध्ये बरीच कमी.

फोरकेची स्टिक घेऊ नका. दुकानदार आग्रह करेल, फरक थोड्याच रुपयांचा आहे म्हणेल. तुमच्या ३२ इंची टीव्हीवर बहुधा "एचडी रेडी" लिहिलेलं असेल. त्या काळातले ३२ इंची बहुतेक तसेच होते. त्याचा पडदा १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपक्यांचा. फोरकेच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. आहेत त्याहून जास्त ठिपके तुमचा टीव्ही दाखवू शकत नाही, त्यामुळे वरचे पैसे वाया जातील.

मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंची नजर. तुमचा हॉल दहा फूट खोल असेल आणि त्या मागच्या सोफ्यावर बसत असतील, तर ३२ इंचांवर खालची अक्षरं त्यांना दिसणं अवघडच. मोठ्या टीव्हीची खरी गरज असलीच तर ती याच कारणासाठी. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे मुलाला माहीत असेलच. तरीही नावाजलेल्या कंपनीचा ४३ इंची म्हणजे पंचवीस-तीस हजार. त्याआधी आजींची खुर्ची तीन फूट पुढे सरकवून बघा आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. एवढं करूनही दिसत नसेल तर मुलाचं ऐका, मी आड येणार नाही. आणि तेव्हाही घेतलेली स्टिक वाया जात नाही, नव्या टीव्हीला लागते.

आता तो अठराशेचा बॉक्स. याबद्दल थोडं कळकळीने लिहिते, कारण आमच्याच घरी असा बॉक्स येऊन गेला आहे. माझी आई सदाशिव पेठेत एकटी राहते. माझ्या भावाने तिच्यासाठी एका दुकानातून असाच एक बॉक्स आणला. खोक्यावर फोरके लिहिलेलं, दुकानदार म्हणाला सगळी चॅनल फुकट, आयुष्यभर. पहिले आठ दिवस सगळे खूश होते. मग नेटफ्लिक्स धुरकट दिसतंय असं भाच्याच्या लक्षात आलं. त्याचं कारण नंतर कळलं: या कंपन्या चांगल्या प्रतीचं चित्र फक्त प्रमाणित यंत्रांनाच पाठवतात. त्यासाठी यंत्रात वाइडवाइन नावाच्या कुलपाची वरची पातळी लागते, एल-वन. अशा निनावी बॉक्समध्ये बहुधा एल-थ्रीच असतं, आणि मग पडदा कितीही चांगला असला तरी चित्र ४८० रेषांच्या पुढे जात नाही. "फुकट" चॅनल महिन्याभरात एकेक करून बंद पडली. दहाव्या महिन्यात बॉक्सच बंद पडला, आणि पावती नसल्याने दुकानदाराने दारातूनच परत पाठवलं.

चित्र धुरकट दिसणं चालवून घेता येतं. त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या घातक जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला: प्रमाणित नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये विकण्याआधीच किंवा पहिल्यांदा सुरू करताना घातक सॉफ्टवेअर शिरलेलं असू शकतं, आणि मालकाच्या नकळत घरचं वाय-फाय गुन्हेगारांच्या वापरासाठी उघडं होतं. गूगलच्या सांगण्यानुसार अशी एक कोटीहून जास्त यंत्रं सापडली. तुमच्या घरी त्याच वाय-फायवर तुमचं बँकेचं ॲप आहे, तुमच्या यजमानांचं पेन्शनचं खातं आहे. ओळखीच्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, त्यांना यातलं काही माहीतही नसेल. नकार देताना संकोच वाटला तर माझं नाव सांगा. ओळखायची खूण एकच सांगते: सुरू करताना "प्ले प्रोटेक्ट बंद करा" (म्हणजे घातक ॲप पकडणारी गूगलची राखण बंद करा) किंवा कुठल्या अनोळखी दुकानातून ॲप उतरवा असं सांगणारा बॉक्स नको. आणि सिनेमे, मालिका "सगळं फुकट" याचा अर्थ कुणाच्या तरी मेहनतीची चोरी असाच असतो. नाटकावर प्रेम करणाऱ्या घराला ते शोभत नाही.

स्टिक घ्यायच्या आधी थांबा म्हटलं, त्याचं कारण पैसे नाही. घरात लॅपटॉप आहे, टीव्हीला एचडीएमआयची जागा असणारच. दोन-तीनशे रुपयांची एचडीएमआय केबल घ्या, अप्पा बळवंत चौकाकडे जाणं झालं तर तपकीर गल्लीत कुठेही मिळेल, आणि लॅपटॉप टीव्हीला लावून दोन-तीन आठवडे बघा. रोज रात्री काय पाहिलं ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहीत जा. महिन्याच्या दुधाच्या हिशोबासारखं. तीन आठवड्यांत दोनदाच लावलात तर केबलवरच काम भागलं, स्टिक नको. आठवड्यातून चार संध्याकाळी लावलात आणि लॅपटॉप उचलून आणायचा कंटाळा येऊ लागला, तर स्टिक घ्यायची वेळ झाली. माझा अंदाज, तुम्ही घ्याल. पण तोवर तुम्हाला हेही कळलेलं असेल की तुम्ही बघता ती नाटकं यूट्यूबवर आहेत की कुठल्या ॲपवर, आणि कुठल्या ॲपचे पैसे भरायचे ते त्यावरूनच ठरेल.

कारण खर्च स्टिकच्या किमतीवर थांबत नाही. मुलाच्या किंवा तुमच्या फोनवर नेटफ्लिक्स चालतं म्हणून ते टीव्हीवर चालेलच असं नाही. त्यांचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो. फोनच्या रिचार्जबरोबर मिळणाऱ्या ॲपचंही अनेकदा तेच असतं, फोनपुरतं. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू झाल्या, त्या नको असतील तर वेगळे पैसे. म्हणून एका वेळी एकच ॲप घ्या, एका महिन्याचं, आणि भरताना ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापणं, चालू झालंय का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. तो एसएमएस दुर्लक्षित करू नका.

एक सावधगिरी अगदी ठळकपणे. स्टिक सुरू करताना टीव्हीवर एक कोड दिसतो, तो फोनवर टाकायचा असतो. तिथे अडलात की माणूस इंटरनेटवर "कस्टमर केअर" शोधतो, खोटा नंबर सापडतो, आणि पलीकडचा माणूस "ॲक्टिव्हेशनचे पैसे" मागतो. ॲक्टिव्हेशनला एक रुपयाही लागत नाही. अडलात तर मुलाला किंवा भाचीला फोन करा. भाचीला जेवायला बोलावून तिच्याकडूनच लावून घेतलंत तर सगळ्यांत उत्तम, कारण तिच्याकडे तेच यंत्र आहे.

वाय-फायबद्दल फार काळजी नको. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस मागतं, तुमच्याकडे ५० आहे. अडचण येते ती भिंतींची. सहकारनगरमधल्या जुन्या बंगल्यांच्या भिंती जाड, आणि राउटर बहुतेक घरी दारामागे चपलांच्या कपाटावर असतो. फोन टीव्हीच्या अगदी मागे धरून एखादा व्हिडिओ दहा मिनिटं लावा. अडकत नसेल तर स्टिकही चालेल. अडकला तर राउटर हॉलमध्ये आणायची विनंती केबलवाल्या दादांना करा, ते वायर वाढवून देतात. स्टिकबरोबर एक छोटी एचडीएमआय पट्टी येते, ती फेकू नका. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून राहिली तर सिग्नल कमी मिळतो, पट्टीने ती थोडी बाहेर येते. वाय-फाय बंद असेल त्या दिवशी फोनच्या हॉटस्पॉटवर चालवायचा मोह होईल. चांगल्या प्रतीच्या चित्राला नेटफ्लिक्सवर तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजच्या २ जीबीच्या रिचार्जमध्ये नाटकाचा पहिला अंकही पुरा व्हायचा नाही.

आता केबल. पैसे वाचतील हे खरं, पण कुणाच्या सोयीतून वाचतील ते बघा. सासूबाईंच्या मालिका कुठल्या चॅनलवर आहेत? झी मराठीच्या असतील तर त्या झी फाइव्हवर. स्टार प्रवाहच्या आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, त्याआधी त्याही दोन जागी होत्या. सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. केबलवर ही सगळी चॅनल एकाच रिमोटच्या आकड्यांवर आहेत, आणि ८१ व्या वर्षी ते आकडे बोटांना पाठ असतात. तुम्ही केबल तोडलीत तर तेच सगळं तीन दुकानांत विखुरतं, प्रत्येकाचं दार वेगळं, प्रत्येकात शोधायचं वेगळं. आणि केबल लावली की कार्यक्रम आपोआप सुरू असतो. ॲपमध्ये तो आपण निवडावा लागतो. ज्यांनी आयुष्यभर "आता काय लागलंय" असं म्हणत टीव्ही बघितला, त्यांना दर वेळी निवडायला लावणं म्हणजे कष्टच.

हे मी आईच्या घरी पाहिलं. तो बॉक्स आणला तेव्हा भावाने केबल बंद केली होती. चांगल्या मनाने केली, तिचे महिन्याचे पैसे वाचावेत म्हणून. मी एकदा दुपारी गेले तर आई टीव्हीसमोर बसलेली, पडद्यावर ॲपची रंगीत चित्रं स्थिर, आवाज नाही. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "काही नाही गं, कुठलं बटण दाबायचं ते विसरले. तुम्ही आलात की लावू." ती तशी किती दुपारी बसली असेल कुणास ठाऊक. ज्या घरात सत्तरच्या दशकात वडिलांनी गच्चीवर चढून सिंहगडाच्या दिशेने अँटेना फिरवला होता आणि आईने खालून "आलं, आलं" म्हणून ओरडून सांगितलं होतं, त्या घरात तिला टीव्ही लावायला आमची वाट बघावी लागत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही केबल परत घेतली.

म्हणून तुमच्या घरी स्टिक आली तरी सासूबाईंच्या वाटेत ती येता कामा नये. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या दोन जागा असतील तर सेट टॉप बॉक्स आहे तिथेच राहू दे, दुसरीत स्टिक लावा. एकच जागा असेल तर सेट टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांवर घ्या, ते दादा पाच मिनिटांत करून देतील. पुढची गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. स्टिकचं बटण दाबलं की पुष्कळदा टीव्ही आपोआप स्टिकवर जातो, पण केबलवर परत आपोआप येत नाही. रात्री तुम्ही नाटक बघून टीव्ही बंद केलात की सकाळी आजींसमोर स्टिकच उघडणार, आणि त्यांच्या ओळखीच्या रिमोटने काही होणार नाही. उपाय दोन. झोपण्याआधी टीव्ही केबलवर आणून मगच बंद करायचा, हा तुमचा नियम. आणि टीव्हीच्या रिमोटवरच्या सोर्सच्या बटणावर लाल टिकली चिकटवायची, तीच कपाळाची टिकली चालते. "चित्र हरवलं तर लाल टिकली दाबायची, मग खाली, मग ओके." एवढंच त्यांना शिकवा, आणि तुम्ही स्वयंपाकघरात असताना त्यांनी एकट्याने करून दाखवेपर्यंत शिकवा. जमलं नाही तर स्टिक सध्या तुमच्या खोलीत, कुणाच्या जुन्या मॉनिटरला लावायचा विचार करा. हॉलमधला टीव्ही आधी त्यांचा आहे.

आवाजाने शोधायच्या सोयीवर फार विसंबू नका. अलेक्साला आपल्याकडे इंग्रजी आणि हिंदी समजतं. आजी मराठीत बोलल्या आणि यंत्राने भलतंच काही लावलं, की त्या पुन्हा रिमोटला हात लावणार नाहीत.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. जुन्या टीव्हीची ती जागा साधारण अर्धा अँपिअर देते आणि स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत राहते. बरोबर आलेला ॲडॉप्टरच वापरा. टीव्हीमागे एक मोकळा सॉकेट आहे का, ते घेण्याआधी पाहून ठेवा. शिवाय ती यूएसबीची जागा आपल्याला दुसऱ्या कामासाठी हवी आहे.

ते काम म्हणजे रामरक्षा.

स्टिक म्हणजे साठवणीचं यंत्र नव्हे. तिच्यात जेमतेम ८ जीबी जागा असते, तीही ॲपसाठी, आणि पेनड्राइव्ह खोचायला सरळ जागाही नसते. इंटरनेटवरून येणारं दाखवणं हेच तिचं काम. तुमच्या कॅसेट इंटरनेटवर नाहीत, त्या तुमच्या घरात आहेत. आणि २०१४ च्या बहुतेक टीव्हींना, स्मार्ट नसले तरी, बाजूला किंवा मागे यूएसबीची जागा असते आणि ते एमपीथ्री वाजवतात. एकदा तिथे बघा.

हिशोब करून सांगते. साठ कॅसेट, प्रत्येक दीड तासाची धरली तरी नव्वद तास. नेहमीच्या १२८ केबीपीएस एमपीथ्रीत त्याला सव्वापाच जीबी लागतात. म्हणजे सासऱ्यांनी कित्येक वर्षं रेडिओशेजारी बसून जमवलेलं सगळं एका १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावतं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं; त्या केंद्रावरचं त्यांनी काय काय टेप केलं असेल याची मला फार उत्सुकता आहे. मुलाने फाइल डब्ल्यूएव्ही ठेवल्या असतील तर त्या तासाला सहाशे एमबीच्या वर जातात आणि जुना टीव्ही त्या वाजवेलच असं नाही. मग त्याच्याकडून एमपीथ्री प्रती करून घ्या, मूळ फाइल मात्र पुसू नका. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, जुन्या टीव्हींना तेच वाचता येतं. फाइलची नावं मराठीत लिहिलीत तर टीव्हीवर चौकोन दिसतील, म्हणून आकडे द्या. रामरक्षेला ०१. म्हणजे यादी उघडली की पहिलीच ती.

टीव्हीचा आवाज पातळ वाटेल. सासऱ्यांचा डेक अजून चालू असेल आणि त्याला मागे ऑक्सची, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायची, पिन असेल, तर टीव्हीच्या हेडफोनच्या जागेतून एक वायर तिथे टाका. ज्या डब्यातून तो आवाज त्या घराने वर्षानुवर्षं ऐकला, तिथूनच येईल.

आणि हार्ड डिस्क. पत्रावरून वाटतं की सगळं एकाच डिस्कवर आहे. डिस्क आतून फिरती असते, एकदा पडली की गेली. हे वाचून झाल्यावर मुलाला फोन करा आणि दुसरी प्रत करून बंगळुरूला ठेवायला सांगा. टीव्ही, स्टिक, बॉक्स सगळं दुकानात पुन्हा मिळतं. ती रामरक्षा पुन्हा मिळायची नाही. कॅसेटही टाकून देऊ नका, पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते म्हणून कोरड्या कपाटात उभ्या ठेवा.

पेनड्राइव्हचं काम मात्र स्टिकसाठी थांबवू नका. लॅपटॉपवरून एक फाइल उतरवायला दहा मिनिटं लागतात. आज दिवेलागणीच्या आत होईल. सासूबाईंना आधी सांगू नका. देवापाशी दिवा लावून त्या हॉलमध्ये येऊन बसल्या की यादीतलं ०१ लावा.